सियाचं पहिलं रक्तदान

प्रदीपला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या एस-बान लोकलमध्ये जागा रिकामी असली तरी हा दाराशी उभा, आणि चढावर बायकोच्या चार पावलं पुढे. अपवाद एकच, वाढदिवसाचं रक्तदान. सोलापुरात वडिलांनी लावलेली सवय. तेवढा वेळ मात्र स्वारी खाटेवर गपगार पडून असते.

त्यामुळे लेक सिया अठरा वर्षांची झाली, तसा तो तिला वाजतगाजत रक्तपेढीत घेऊन गेला. बायको एलेनाही कौतुकानं सोबत आली. ती बोलिव्हियाची, डोंगरातल्या केचुआ लोकांच्या खेड्यात वाढलेली.

रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाईंनी सियाला विचारलं, आई कुठली? उत्तर ऐकून त्या बाहेर एलेनाकडे आल्या. घर मातीचं होतं का? भिंतींच्या फटींत किडे असायचे? रात्री चावायचे? एलेनानं तिन्ही वेळा मान डोलावली.

"मग आज सियाचं रक्त घेता येणार नाही. आधी तुम्हा दोघींची शागास रोगाची तपासणी करून घ्या."

प्रदीपचा पारा चढला. "म्हणजे काय, मातीच्या घरात माझे आजोबाही राहायचे! ढेकूण कोणाला चावले नाहीत? माझ्या पोरीचं रक्त काय नासकं आहे?"

बाई शांतपणे म्हणाल्या, हा ढेकूण नव्हे. याच्या विष्ठेतून जंतू अंगात शिरतो, वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि काहींचं हृदय पोखरतो. आईकडून पोटातल्या बाळालाही जाऊ शकतो.

निकाल येईपर्यंत प्रदीपनं घर डोक्यावर घेतलं. घासलेली भांडी पुन्हा घासली. सिया जिना चढून आली की तिच्या श्वासाकडे कान लावायचा. "बाबा, लास मिष, सोडा ना मला!" म्हणून ती वैतागायची. एलेना एकदाच बोलली, "माझे दोन्ही भाऊ शेतात चालता चालता पडले. गावात म्हणतात, आपली माणसं छातीनं कच्ची. तपासायला डॉक्टर होता कुठे?" भाऊ गेल्याचं प्रदीपला ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यानं ते नशिबावर ढकललं होतं. आता त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

दोघींच्याही रक्तात शागास निघाला. सियाचं हृदय ठणठणीत होतं, या वयात औषधाचा गुण येण्याची आशाही चांगली होती. एलेनाचं हृदय मात्र थोडं वाढलं होतं. रक्तदान दोघींना कायमचं बंद.

प्रदीप ढसाढसा रडला. सियानंच त्याला पाणी आणून दिलं. डोळे पुसून तो पुन्हा येरझारा घालू लागला. "लगेच औषध सुरू करू. आपल्याला इथे काय कमी आहे?"

एलेनानं गावी बहिणीला फोन लावला होता. कोणाकोणाची तपासणी झालीये, ते ती विचारत होती. केचुआ भाषा प्रदीपला येत नव्हती, पण भाच्यांची नावं कळत होती. आणि 'नाही' एवढा शब्द त्याला लग्नापासून पाठ होता. एलेना एकेक नाव घेत गेली, आणि प्रत्येक नावानंतर पलीकडून तोच शब्द येत राहिला.