वीस मतांचे गव्हर्नर

जगात असा एकही विषय नाही, जो इकडे परदेशात, आमच्या पासिर रिस वस्तीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत नेऊन सोडला नाही. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. माणूस पेशानं इंजिनियर, गाव सातारा, आणि जीव अडकलेला तिकडच्या कुठल्याशा चिमुकल्या राज्यात. तिथे म्हणे गव्हर्नरच्या निवडणुकीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, की विधिमंडळ बसून गव्हर्नर निवडायचं. जास्त मतं एकाला, खुर्ची दुसऱ्याला! हे ते एमआरटीच्या गाडीत सांगत, हॉकर सेंटरात माझा डोसा गार होईपर्यंत सांगत. रविवारी कुठे जायचं यावर त्यांच्या घरी मतदान होई, आणि बहुमत झालं नाही तर वहिनी म्हणजे विधिमंडळ. "एरवीही मीच ठरवते," वहिनी म्हणत, "पण यांना बरं वाटतं." आम्ही त्यांना गव्हर्नरच म्हणायचो.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची घटना लिहायला दुसरं कुणी रिकामटेकडं नव्हतं, म्हणून ती त्यांनीच लिहिली आणि ते कलम तीत घुसवलं: कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर पाच जणांची समिती अध्यक्ष निवडेल. मग स्वतःच उभे राहिले. का, तर गणपतीला साताऱ्याहून आई येणार होती, आणि अध्यक्षाच्या मानाची पहिली आरती लेकाच्या हातून झालेली तिला बघायची होती. कुर्ता आधीच इस्त्री करून ठेवलेला! तिघांत मतं पडली एकेचाळीस. गव्हर्नरना वीस, दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला नऊ. एका मतानं घोडं अडलं, आणि स्वतःचं मत या महाशयांनी, शोभत नाही म्हणून, त्या बारावाल्याला दिलेलं. सगळे म्हणाले, जाऊ द्या हो, तुम्हीच व्हा. त्यांची मुलगी इथल्या बोलीत म्हणाली, "पपा, जस्ट टेक इट ला!" पण छे! "कलम म्हणजे कलम. समिती बसवा."

समितीत मी होतो. आता वर्षभर प्रत्येक बैठकीत गव्हर्नरपुराण ऐकायचं, या विचारानं मी चिठ्ठीवर बारावाल्याचं नाव लिहिलं. चिठ्ठी गुप्त होती. तीन विरुद्ध दोन, बारावाला अध्यक्ष.

आरतीला गव्हर्नर त्याच कुर्त्यात मागे उभे राहून झांजा वाजवत होते. आरती संपल्यावर आईंनी नेमकं मलाच गाठलं. "सगळ्यांत जास्त मतं माझ्या लेकाला, मग पाडलं कुणी रे त्याला?" मी हातातला मोदक अख्खा तोंडात कोंबला. तेवढ्यात गव्हर्नर आले. "कुणी नाही गं आई, नियमानं झालं," म्हणाले, आणि माझ्या हातावर आणखी एक मोदक ठेवला.

दोन वर्षांनी ते साताऱ्याला परत गेले. विमानतळावर त्या चिठ्ठीचं सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण त्यांच्या बॅगा तेवढ्या ट्रॉलीवर चढवून परत आलो. हल्ली माझा डोसा गरम असतानाच संपतो. तरी चार घास झाले, की मी उगाच थांबतो.