सखाबाईचं न खायचं शेत

सखाबाई वलथरेला आयुष्यातली पहिली नोकरी सत्तावन्नाव्या वर्षी लागली, आणि ती लागली तिच्या तोंडामुळे.

नाकाडोंगरीच्या पुढे, मँगनीजच्या खाणीला लागून आमचं गाव आहे. खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा एक डोंगर गावाच्या डोक्याशी उभा आहे. त्याला सगळे डंप म्हणतात. पावसाळ्यात डंपवरून काळं पाणी उतरतं, खालच्या दोन एकरांत पसरतं आणि तिथून बोडीत जातं. बोडी म्हणजे आमचं लहानसं तळं. सखाबाई आणि तिचा नवरा लिलाधर हे ढिवर, दोघांचाही जन्म त्या बोडीत जाळी टाकण्यात गेला. खालच्या दोन एकरांत धान पोचट निघू लागला तेव्हा मालकाने ती जमीन पंचायतीला दान केली, आणि वर दानशूर म्हणून स्वतःचा सत्कारही करून घेतला.

मग नागपूरच्या एका संस्थेतून राखी मॅडम आल्या. वय तिशीच्या आत. बोलणं इतकं हळू, की ग्रामसभेत मागे बसलेल्यांना वाटलं कोणीतरी वारलं आहे. त्यांनी सांगितलं की काही झाडं मुळांवाटे मातीतला धातू ओढून घेतात आणि पानांत, खोडात साठवून ठेवतात. अशी झाडं लावायची, वाढली की कापायची, वजन करून पोत्यांत भरायची आणि गावाबाहेर न्यायची. असं करत गेलं की माती साफ होते. कोणीतरी विचारलं, किती वर्षांत? मॅडम अजून खोटं बोलायला शिकल्या नव्हत्या. वीस-तीस तरी लागतील, असं त्या म्हणाल्या. त्यासरशी सभा उठली आणि चहाला गेली. सखाबाई तेवढी बसून राहिली, कारण तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

मॅडमना वाटलं, या बाईला विषयात रस आहे. त्यांनी सरपंच भय्याजींना विचारलं की राखणीला ही चालेल का, गाव हिचं ऐकेल का. भय्याजी स्वतःच सखाबाईला वचकून असत. ती दिवसभर शेतावर अडकली म्हणजे पंचायतीत येऊन आपली अब्रू काढणार नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी तिची इतकी तारीफ केली की ऐकून सखाबाईलाच संशय आला.

त्या हिवाळ्यात शेतात मोहरी आणि सूर्यफूल पेरलं आणि उताराच्या कडेने खस, म्हणजे वाळ्याचं गवत, लावली. खसाची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात, म्हणजे पाणी तिला बोडीत वाहून नेत नाही. सखाबाईचं काम एकच होतं. या शेतातलं कोणी काही खायचं नाही. शेळीने नाही, गाईने नाही, माणसाने तर मुळीच नाही. कापलेलं चुलीतही घालायचं नाही, कारण राखेतून तेच परत मातीत येतं.

डंपच्या पायथ्याची मोहरी पिवळी पडून मेली, पण उरलेली अशी तरारली की येणाऱ्या-जाणाऱ्याची पावलं बांधावर थबकायची. मॅडमचं शास्त्र गावाच्या डोक्यावरून गेलं होतं. सखाबाईने ते आपल्या पद्धतीने खाली उतरवलं. चिंधूच्या शेळ्या दुसऱ्यांदा शेतात शिरल्या तेव्हा तिने त्याला बांधावर उभं करून सांगितलं, "हे झाड खदान खाऊन राहिलं. तुही शेळी झाड खाईन अन् तू शेळी खाशीन. मंग तुलेच कापून पोत्यात भरा लागन."

चिंधूने त्या दिवसापासून शेळ्यांची वाट बदलली.

तिचा स्वतःचा यावर विश्वास होता का? फारसा नव्हता. झाड धातू पितं हे आपल्यालाही पटत नाही, असं ती लिलाधरला म्हणाली होती. पण पोरगी वीस-तीस वर्षं लागतील म्हणाली ना, ज्याला फसवायचं असतं तो दोन वर्षं सांगतो, असं तिचं म्हणणं होतं.

जानेवारीत शेत पाहायला सरकारी साहेब लोक येणार असं ठरलं. नेमकं त्याच्या आदल्या दिवशी सखाबाईच्या भाचीचं लग्न अड्याळला होतं. ती शेत लिलाधरच्या भरवशावर सोडून गेली. लिलाधर स्वभावाने असा, की कोणी प्रेमाने मागितलं तर अंगातली बंडीही काढून देईल. त्या संध्याकाळी भय्याजी जातीने शेतावर आले. साहेबांच्या जेवणात आपल्या प्रकल्पातल्या मोहरीची ताजी भाजी असली तर गावाची शान वाढेल, असं ते म्हणाले. सरपंच आपल्याला लिलाधरभाऊ म्हणतो, याचंच लिलाधरला इतकं अप्रूप वाटलं की त्याने विळा घेऊन भाजी स्वतः कापून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सखाबाई बसमधून उतरली ती सरळ शेतावर गेली. मोहरीच्या चार ओळी बोडक्या झालेल्या पाहून तिने नवऱ्याला विचारलं. त्याने अभिमानाने सांगितलं. पुढचं ऐकायला ती थांबली नाही.

समाजमंदिरात पंगत बसली होती. पाच साहेब, भय्याजी आणि कोपऱ्यात राखी मॅडम. भाजी कुठली हे मॅडमना कोणी सांगितलं नव्हतं, आणि वाढपी त्यांच्यापर्यंत अजून पोचला नव्हता. सखाबाई लग्नाच्या लुगड्यातच आत शिरली. तिने आरडाओरडा केला नाही. वाढप्याच्या हातातून भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, काढून घेतला, मग पानांवरून फिरत एकेकाची भाजी हाताने उचलून गंजात परत टाकली. भय्याजी उठून आडवे आले. तिने त्यांना एवढंच विचारलं की तुमच्या पानावर भाजी काहून नाही. भय्याजींना मोहरी सोसत नव्हती, हे नंतर कळलं. त्या वेळी मात्र पाचही साहेब त्यांच्याकडे टक लावून बघू लागले.

पहिल्या पानावरच्या जाड्या साहेबांनी खायला सुरुवात केली होती. सखाबाईने किती घास गेले म्हणून विचारलं. दोन, असं ते शाळेतल्या पोरासारखं म्हणाले. तेव्हा ती मॅडमकडे वळली.

"मॅडम, लिवून घेजो. दोन घास साहेबाच्या पोटात गेले. ते काई पोत्यात येत नाही, तेवढं वजन कमी धरजो."

दोन घासांनी काही होत नाही, असं मॅडमनी साहेबांना तीन वेळा समजावलं. सखाबाई गंज घेऊन शेतावर गेली आणि शिजलेली भाजी तिने तेल-मिठासकट पोत्यात भरली. मॅडमच्या नोंदवहीत त्या तारखेपुढे आजही 'फोडणी दिलेली' असा शेरा आहे.

एवढं करून ती घरी आली तेव्हा चुलीशेजारी एक वाटी झाकून ठेवलेली दिसली. लग्नाहून थकून येईल म्हणून लिलाधरने घरीही जुडीभर भाजी आणून रांधली होती. स्वतः सकाळीच पोटभर खाल्ली होती, आणि उरलेली तिच्यासाठी ठेवली होती.

साऱ्या गावाला दम देणारी बाई तिथेच जमिनीवर बसली. लिलाधर सांगत होता की भाजी चांगली झाली होती, जरा कडवट, पण चांगली. तिने त्याचा हात धरला आणि ओढतच मॅडमपुढे नेऊन त्याला उभं केलं. पुढच्या बारा दिवसांत मॅडमनी त्याला भंडाऱ्याला नेऊन तपासण्या करवून आणल्या. काही निघालं नाही. एकदा खाल्ल्याने तसं काही निघणारही नव्हतं. रोज खाल्लं असतं तर गोष्ट वेगळी होती. तपासणीचा कागद हातात येईपर्यंत सखाबाई रोज सकाळी तो उठतो का ते बघत असे. कागद आला त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी आठ दिवस बोलणं टाकलं. ते आपल्या संसारातले सगळ्यात शांत आठ दिवस होते, असं लिलाधर सांगतो.

भय्याजींनी तिला काढण्यासाठी अर्ज केला. पाहुण्यांच्या ताटातून अन्न ओरबाडलं, असं त्यात लिहिलं होतं. पण अर्ज पोचला तो त्याच जाड्या साहेबांच्या टेबलावर. त्यांनी राखणदारीण कायम ठेवावी आणि शेताला तारेचं कुंपण घालावं, असा हुकूम काढला. असा चटकन निघालेला हुकूम आमच्या तालुक्यात दुसरा नसेल.

तीन हंगाम झाले आणि प्रयोगाची मुदत संपली. मॅडमनी शेवटच्या ग्रामसभेत आकडे वाचून दाखवले. मातीतला धातू कमी झाला होता, पण थोडाच. खालच्या अंगाला बरा, वरच्या अंगाला जवळपास नाहीच. सांगताना मॅडमचा आवाज आणखी हळू झाला. मागून कोणीतरी हसलं. सखाबाई उभी राहिली.

"पन्नास वर्षं घाण कराले शंभर माणसं, दहा गाड्या होत्या," ती म्हणाली. "साफ कराले तीन वर्षं मोहरी एकली. तिले कायले हसता?"

मॅडम गेल्या. जाताना त्या सखाबाईच्या पाया पडल्या, आणि सखाबाईने त्यांना जरा मोठ्यानं बोलत जा म्हणून बजावलं. पगार बंद झाला, पण राखण चालूच राहिली. मोहरी तिने पुन्हा पेरली नाही. कापलेली पोती गावाबाहेर न्यायला आता कोणी नव्हतं, आणि गावातच ठेवायची तर पेरण्यात अर्थ नव्हता. खस मात्र कापावी लागत नाही. गेल्या पावसाळ्यात तिने ढिवरांच्या सहा बायका जमवल्या, जुन्या खसाचे ठोंब फोडले आणि डंपपासून बोडीपर्यंतच्या नाल्याच्या दोन्ही काठांनी लावायला घेतले. मासळी वाढली का, असं मी तिला विचारलं. तिने सांगितलं की नाही. पण पहिल्या लोंढ्याचं पाणी पूर्वी डांबरासारखं यायचं, आता चहासारखं येतं.

लावणीच्या तिसऱ्या दिवशी भय्याजी फोटोवाल्याला घेऊन नाल्यावर आले. निवडणूक जवळ होती. त्यांनी धोतर खोचलं, चिखलात उतरले, एक ठोंब मागून घेतला आणि कॅमेऱ्याकडे पाहत जमिनीत खुपसला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"भय्याजी," सखाबाई म्हणाली, "मुळी खाली जाते."