नाला दहाच्या आत ओलांडा

राजुरीत सुट्ट्या जवळ आल्या की मला फोन सुरू होतात. "फौजी भाऊ, लडाखला कवा जावं?" मी सांगतो, जून ते सप्टेंबर. रस्ते उघडे असतात. पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा. बुलेटवर मर्दुमकी गाजवायला निघालेल्यांना हे पटत नाही. शेवटी सांगतो, वाटेतला नाला सकाळी दहाच्या आत ओलांडा. का, ते फोनवर सांगत नाही.

मी तेव्हा हवालदार होतो. जुलै महिना, उंची पंधरा हजार फूट. आमच्या एका जवानाला उंची बाधली होती, छातीत पाणी भरत होतं. त्याला स्ट्रेचरवर घालून आम्ही पाच जण पोस्टवरून खाली निघालो. नाल्यावर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. डॉक्टर पलीकडे, तीन किलोमीटरवर. पोस्टवरच्या साहेबांना वायरलेस लावला.

"पानी कितना है?"

"घुटने के ऊपर, सर."

"रुको. अंधेरा होने पर उतरेगा. ओवर."

नाईक सोपान लोणीचा, मेंढपाळाच्या घरातला. नदी लागली की आधी माणसानं काठी टेकत उतरायचं, मग मेंढरं घालायची, ही त्यांची रीत. त्यानं वर पाहिलं.

"आभाळ कोरं हाय, भाऊ. पाणी वाढायचं न्हाई. आमी घोडनदी अशीच उतरतो."

मलाही पटलं. आमच्याकडे पूर येतो तो पावसानं. तिथे कडक उन्हात वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी नाला फुगतो. हे लेक्चरमध्ये ऐकलं होतं, पण जन्माची सवय सुटत नाही. शिवाय स्ट्रेचरवरच्या जवानाचे ओठ निळे पडले होते.

"सोपान, दोरी बांध. उतर."

तो मधोमध गेला आणि पाणी एकदम कमरेवर चढलं. पायाखालचे दगड सरकले. दोरी खडकावर घासून तुटली. तो दोन दिवसांनी खाली सापडला.

अंधार पडल्यावर पाणी उतरलं. आम्ही पलीकडे गेलो. आजारी जवान वाचला. थांबलो असतो तर दोघेही वाचले असते.

लोणीला मी स्वतः गेलो. सोपानच्या आईनं विचारलं, "लई पाऊस व्हता का?"

"नाय, मावशी."

"मग पाणी आलं कुठनं?"

मी बर्फाचं सांगितलं. थांबायचा हुकूम होता, हे सांगायची छाती झाली नाही.

"पाणी जोखायला चुकलं माझं लेकरू," ती म्हणाली आणि मला चहा दिला. मी तो प्यायलो. त्याची मला आजही लाज वाटते.

मावशी आता नाहीत. त्या जाईपर्यंत मुलालाच दोष देत राहिल्या. चूक नाईक सोपानची नव्हती. त्याला पाण्यात मी उतरवलं.