एकाच बाजूची ओहोटी

खाडीला ओहोटी लागते तेव्हा ती दोन्ही काठांना लागते. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीही आमच्या खेळाच्या नियमपुस्तिकेत मी ती फक्त उजव्या बाजूला लावली. कारण उजवीकडे माझा मित्र बसायचा आणि मी हरत होतो. झालं, सांगून टाकलं.

खेळ म्हणजे आरमाराची लुटुपुटूची लढाई. उलव्यातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर निळी चादर अंथरायची, त्यावर बोटभर गलबतं मांडायची, टेपनं अंतर मोजायचं आणि फासे टाकून तोफा डागायच्या. गलबतं आम्हीच रंगवायचो. दोन टकले, चष्मे नाकावर, जिभा बाहेर. पुस्तकं वाचणारा मी, म्हणून नियम मी लिहायचे. मित्र खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. घरच्या होड्या आहेत, स्वतः मात्र कंपनीत अकाउंट्सला.

एका संध्याकाळी त्याची गलबतं थेट माझ्या बंदरात घुसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब! ओहोटी लागली. तू चिखलात."

"आन् तुजी गलबतं?"

"माझ्याकडे पाणी खोल आहे."

"कोन बोलला?"

"जुन्या कागदांत आहे."

कुठल्या कागदांत, ते त्यानं विचारलं नाही. घरी जाऊन वडिलांना मात्र सांगितलं. त्यांचा जन्म त्याच खाडीत जाळी टाकण्यात गेलेला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मित्र मला म्हणतो, "बाबा अडानी. त्यांना इतिहास काय ठाऊक!" तिथं मी तोंड उघडायला हवं होतं. मी चहा मागवला.

पहिल्या आवृत्तीत तो नियम छापून आला. पंखा उजवीकडे आणि मित्राला उकडतं फार, त्यामुळे तो वर्षानुवर्षं तिथंच बसला आणि हरत राहिला. घरी गेला की बायको विचारायची, "आज पन चिखलात काय?"

आता दुसरी आवृत्ती काढायची ठरली. प्रस्तावना त्यानं हौसेनं लिहिली. त्यात एक वाक्य होतं: 'ओहोटीचा नियम हा लेखकाच्या अभ्यासाचा कळस आहे.'

पावणे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात छापखाना आहे. शेवटचं प्रूफ बघायला दोघं गेलो. मालक म्हणाला, "फायनल ना? प्लेटा काढतो." मित्र मान हलवणार, तेवढ्यात मी म्हणालो, "तो नियम मी बनवलाय." मशीन धडधडत होतं. मित्रानं कानाकडे बोट दाखवलं. मग मी, ज्याला लग्नाच्या हॉलमध्ये भाजी मागायची लाज वाटते तो, जिवाच्या आकांतानं ओरडलो, "कागदबिगद काही नव्हते! मी हरत होतो म्हणून..." इथं मशीन थांबलं. "...चीटिंग केली!"

सगळा गाळा माझ्याकडे बघायला लागला. मालकानं विचारलं, "साहेब, हे पण छापायचंय का?"

मित्र म्हणाला, "बायकोचं सोड. बाबांना मी अडानी बोललो."

"नियम काढतो," एवढंच म्हणालो.

"काढू नको. दोन्ही बाजूंना लाव. आन् एक नियम माजा. का म्हनून विचारायचं नाय." त्यानं पेन घेऊन प्रूफाच्या कडेला लिहिलं: 'लेखक स्वतः खेळत असेल आणि डाव चालू असताना चहाला उठला, तर त्याचं सर्वांत मोठं गलबत जागच्या जागी बुडेल.'

"याला आधार काय?" माझ्यानं राहवलं नाही.

"जुन्या कागदांत हाय."

तस्संच छापलं. प्रस्तावनेतलं 'कळस'वालं वाक्य त्यानं खोडलं, बाकीची राहू दिली.

नव्या आवृत्तीचा पहिला डाव मांडला तेव्हा तो वडिलांना घेऊन आला. म्हाताऱ्यानं खुर्ची माझ्या शेजारी ओढली. तासभर माझा घसा सुकत गेला, आणि ते दर थोड्या वेळानं माझ्या कानाशी, "चाय भायेर ठेवलाय, सर. आल्याचा हाय. जावा ना."

मी माझ्या मोठ्या गलबताकडे एकदा बघून घेतलं. शिडं रंगवायला महिना गेला होता. आणि उठलो.

चहा फक्कड होता. आत म्हाताऱ्याला पुन्हा ठसका लागलेला ऐकू येत होता.