गाईने तोंड फिरवलेली भाकरी
नवी नवरी असताना भर हळदीकुंकवात मी असा एक उखाणा घेतला की नंतर जीभ चावावीशी वाटली. आजही भाकरी भाजल्याचा वास आला की तो आठवतो. माहेर शहाडचं, सासर ठाण्याच्या चाळीत, लग्नाला आठवडाही झाला नव्हता आणि मी स्वतःला फार चुरचुरीत समजत होते. बायकांनी आग्रह केला तशी मान उडवून म्हणाले, "पुरुषाने थापली भाकरी, तोंड फिरवते गाय, अमुकरावांना विचारा, उलथनं म्हणजे काय!" सगळी खोली हसली, सर्वांत मोठ्याने मी. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. गुलाबदाणी धरलेली त्यांची संधिवाताने वाकडी झालेली बोटं मला तेव्हा कुठे नीट दिसली. अशा बोटांनी, मी उठायच्या आत, रोज भाकऱ्या थापतं कोण? पडद्याआड सासरे खाकरले आणि मी पदर सावरून मागे सरकले. आता माहेरी धाडतात, या धास्तीने डोळा लागला नाही. पहाटे स्वयंपाकघरात गेले, तर चुलीपुढे सासरे रेशनच्या ज्वारीची भाकरी थापत होते आणि सासूबाई शेजारी चहा पीत होत्या. हल्ली नातू बायकांवरचे विनोद वाचून दाखवतो, "आजी, गंमत आहे गं" म्हणतो; मी हसतेही, पण आधी खोलीत कोण कोण बसलंय ते बघून घेते. त्या पहाटे सासऱ्यांनी टम्म फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकली, सासूबाईंना हसू आवरेना, आणि ते म्हणाले, "गाईचं मत कळलं, सूनबाई. आता तुमचं सांगा."