बोंड धरलेली फांदी

सई, नील,

तुमचे आजोबा जाऊन सात आठवडे झाले. परवा फोनवर तुम्ही मला, तुमच्या आजीला, विचारलंत, निवृत्तीनंतर ते आंजी गावच्या शेतात नेमकं काय करत होते? मी 'कापसाचा अभ्यास' एवढंच म्हटलं. पूर्ण उत्तर इथे, वर्तमानपत्राच्या पुरवणीत देते आहे. कारण त्यात ज्या बाईंवर अन्याय झाला, त्यांच्या गावातही हे वाचलं जाईल.

आजोबा देशी कापसाचा अमेरिकन कापसाशी संकर करत. देशी झाड कमी पाण्यात तगतं, अमेरिकनचा धागा लांब. पण देशीच्या पेशीत सव्वीस गुणसूत्रं, अमेरिकनच्या बावन्न. लेकराच्या वाट्याला दोघांची निम्मी मिळून एकोणचाळीस येतात आणि परागकण तयार होताना त्यांच्या जोड्याच नीट जुळत नाहीत. झाड फुलतं, बोंड धरत नाही. "मांडव सजला, पण लग्न लागत नाही," ते हसून सांगत. गुणसूत्रं दुप्पट करणारं औषध ते कोवळ्या शेंड्यांना लावत... दुप्पट झाली तर प्रत्येकाला जोडीदार मिळतो. नऊ वर्षं ते लागू पडलं नाही.

एका जानेवारीत ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याला होते. गुलाबी बोंडअळी पसरू नये म्हणून गावभर वेचणी झालेली कापसाची झाडं, पऱ्हाट्या, उपटणं चाललं होतं. मला शेत वेळेवर स्वच्छ हवं होतं. फुलांना हाताने पराग लावणाऱ्या शांताबाईंना मी म्हटलं, संकराची ती वांझ ओळही काढा.

"थांबा नं बाई, या फांदीले बोंड दिसून राह्यलं."

"किडकं असेल. उपटा."

"साहेब बोंबलतीन. मंग तुम्हीच पुढे होजा!"

मी पुढे झाले नाही. आजोबा परतले ते रिकाम्या ओळीपाशी थांबले. "कोणी...?" शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मीनंच उपटलं, साहेब," त्या म्हणाल्या. "एक बोंड होतं." नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या फांदीवर औषध लागू पडलं असावं, आणि पऱ्हाट्या तोवर चुलीत गेल्या होत्या. आजोबा शेताच्या धुऱ्यावर बसून राहिले. ओरडले नाहीत, पण संकराच्या कामाला शांताबाईंना पुन्हा बोलावलं नाही. 'साहेबाचं झाड उपटणारी' हीच गावात त्यांची ओळख झाली. आज सांगते, उद्या सांगते... चार वर्षं गेली, आणि आजोबाही.

तेरवीला शांताबाई आल्या. मी हात जोडून माफी मागितली.

"मले सांगून काय फायदा, बाई? ज्याले सांगायचं तो तं गेला."

त्या जेवल्या नाहीत.

आजोबांनी तोच संकर नंतर पुन्हा केला होता. त्यातली तीन झाडं अजून शेतात उभी आहेत. फुलं येतात. बोंड एकालाही नाही.