बबनदादा माईक लावत होते

१. काल दुपारी अकोल्यात बबनदादा गेले. हार्ट अटॅक.
२. स्मशानातच आमच्या नाटक मंडळानं ठरवलं, रविवारचा अमरावतीचा प्रयोग होणार.
३. दादांचा शेटचा रोल त्यांची शिष्या रेणू करणार.
४. माईक न लावता. कारण 'दादांनी आयुष्यात माईक लावला नाही.'

चौथा मुद्दा खोटा आहे.

मी या नाटकाची साऊंड इंजिनिअर. दादांचा माईक मीच लावायचे.

नाटक १८६०च्या दशकातलं. अमेरिकेत युद्ध पेटतं, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव येतो आणि अमरावतीचा एक शेट स्वतःला राजा समजू लागतो.
दादांना फारसा अभिनय करावा लागला नाही.

कॉलर माईक दाखवला तर भडकले. "त्या काळच्या शेटच्या गयात वायर? लोकं हासतीन ना पोरी!"

"मग लाईटही बंद करू? कंदील आणते."

"लय शहानी हायेस."

पहिल्याच प्रयोगात मागच्या रांगांतले प्रेक्षक ओरडले, "आवाज! आवाज!"
इंटरव्हलला दादा हळूच आले. "माईक लाव. पन कोनाले दिसला नाई पायजे."

आधी कापसाच्या गाठीत लपवला. कापूस आवाज खातो.
मग कापूस तोलायच्या काट्यावर, दांडीमागे बसवला. दादा प्रत्येक मोठं वाक्य काट्याला टेकून म्हणू लागले.

पेपरात छापून आलं, त्या टेकण्यात शेटचा माज दिसतो.
आता अकोल्यातले अर्धे नट कशालाही टेकून बोलतात.

आणि दादा, प्रत्येक सत्कारात: "मले माईक लागत नाई."
माझ्याकडे न बघता.

"मी स्वतंत्र कलाकार हाय," हेही ठरलेलं. चहा मात्र कुणीतरी हातात आणून द्यायचा.

तरी रेणूला त्यांनीच तयार केलं. तिचा सूर हलला की स्वतः पेटी ओढून बसायचे. हे मी विसरलेले नाही.

रेणूच्या स्वरयंत्राला सूज आहे. डॉक्टरांनी आवाज चढवायला मनाई केली आहे. गाण्याच्या शिकवण्यांवर तिचं घर चालतं.

मंडळाचे अध्यक्ष अप्पा तिला म्हणाले, "दादाले लागला नाई, तुले काहून लागते? काट्याले टेकून बोल, जमते."

रिकाम्या काट्याला टेकून काय जमणार, अप्पा?

गुपित दादांचं होतं. ते असेपर्यंत पाळलं.
आवाज त्यांचा चांगलाच होता. माईकमुळे तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला, एवढंच.

दादा, नमस्कार. आता आराम करा.

अप्पा, माईक नसेल तर रेणू स्टेजवर येणार नाही. हे तिनं ठरवलंय, मी नाही.
माईक लावायचा की प्रयोग रद्द, ते गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा.